अकरावीतल्या मुलीला ध्रुवीय मोहिमेवर पाठवावं का?

प्रश्न कोल्हापूरच्या एका वडिलांचा आहे. मुलगी 16 वर्षांची, अकरावीत. एका परदेशी संस्थेच्या विद्यार्थी मोहिमेसाठी तिची निवड झाली आहे. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला उशुआया नावाचं शहर आहे, तिथून जहाजाने अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि परत, साधारण दोन आठवडे. माहितीपत्रकात शाश्वत विकास आणि नेतृत्व शिकवतो असं लिहिलं आहे. विमानासकट खर्च 12 लाखांच्या पुढे जातो आणि निम्मे पैसे कर्ज काढून उभे करावे लागतील. ते विचारतात, मुलं तिथे खरंच काही शिकतात की ही महागडी सहल आहे? आणि पर्यावरण शिकायला अर्धी पृथ्वी ओलांडून जायचं, हे बरोबर आहे का? पैसे भरायला 20 दिवस उरले आहेत.

मी 14 वर्षं अशा मोहिमांवर शिक्षक म्हणून जाते आहे, उत्तरेला जास्त आणि दक्षिणेला कमी. आधी थोडक्यात सांगते. मुलं शिकतात, पण नुसता बर्फ बघून शिकत नाहीत. ज्यांच्यावर खरं काम सोपवलं जातं, आणि ज्यांच्या हलगर्जीपणाचा त्रास दुसऱ्या कुणाला तरी होतो, ती मुलं शिकतात. ज्यांना फक्त हिंडवून आणलं जातं ती फोटो घेऊन येतात आणि पहिल्या चाचणी परीक्षेपर्यंत सगळं विरून जातं. तुमच्या मुलीची मोहीम यातली कोणत्या जातीची आहे, एवढंच तुम्हाला या 20 दिवसांत शोधायचं आहे.

मुलांना ध्रुवाकडे नेण्याची कल्पना नवी नाही. 1921 साली ध्रुवीय प्रवासी अर्नेस्ट शॅकल्टनने आपल्या शेवटच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी बालवीरांतून (स्काउटांतून) दोन मुलं निवडली, हजाराहून जास्त अर्ज आले होते. त्यातल्या एकाला बोट इतकी लागली की तो वाटेतल्या मदैरा बेटावर उतरून घरी गेला. दुसरा 18 वर्षांचा जेम्स मार. त्याला कुणी पाहुण्यासारखं वागवलं नाही. त्याने कोळसा ओढला, स्वयंपाकघरात हात काळे केले. जानेवारी 1922 मध्ये शॅकल्टन अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर वारला, तेव्हा मार जहाजावर होता. पुढे हाच मुलगा सागरी जीवशास्त्रज्ञ झाला. देवमासे, सील आणि पेंग्विन ज्यावर जगतात त्या क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या बारक्या जिवावर त्याने जो मोठा ग्रंथ लिहिला तो 1962 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रवासापासून 41 वर्षांनी. मी पालकांना ही गोष्ट नेहमी सांगते, कारण मोहिमेचं फळ किती उशिरा येतं आणि त्याची सुरुवात कसल्या कामापासून होते, हे दोन्ही तिच्यात आहे.

आता शाश्वतता म्हणजे काय शिकतात, ते एका संध्याकाळवरून सांगते. द्वीपकल्पावर पहिल्यांदा उतरायच्या आदल्या दिवशी जहाजावर सगळ्यांनी आपापले कपडे, बुटं, पाठपिशव्या घेऊन बसायचं असतं. व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे वाटले जातात. खिशांचे कोपरे, वेल्क्रोच्या पट्ट्या, बुटांच्या तळातल्या खाचा, सगळं साफ करायचं. साताऱ्याचा एक मुलगा होता. त्याच्या पाठपिशवीच्या पट्ट्यात आणि लोकरी मोज्यांत कुसळं रुतलेली. ऑक्टोबरात राजगड केला होता, तेव्हाची. आपल्याला माहीत आहे, कुसळ उलटं ओढलं तर तुटतं आणि टोक आतच राहतं. तो पोरगा चिमटा घेऊन तासभर एकेक कुसळ काढत बसला. शेजारची ब्राझीलची मुलगी आधी हसत होती, मग स्वतःच्या पिशवीच्या शिवणी उलट्या करून बघायला लागली आणि तिलाही बिया सापडल्या.

त्या वेळी मी त्यांना सांगितलं की द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडचं आर्क्टोव्स्की नावाचं केंद्र आहे, तिथे 1985-86 च्या सुमारास पोआ अन्नुआ नावाचं साधं, लॉनमध्ये उगवणारं गवत रुजलेलं आढळलं. माणसांबरोबर आलेलं. ते उपटून काढण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. 2007-08 च्या हंगामात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाला येणाऱ्या माणसांचे कपडे आणि सामान तपासलं, तेव्हा ज्यांच्याकडे बिया होत्या त्यांच्याकडे सरासरी 9.5 बिया निघाल्या. सर्वांत जास्त बिया पर्यटकांकडे निघाल्या नाहीत, त्या निघाल्या शास्त्रज्ञांकडे आणि मोहिमेच्या कर्मचाऱ्यांकडे. म्हणजे माझ्यासारख्यांकडे. हे ऐकल्यावर त्या मुलाने माझे बूट मागून घेतले आणि तपासले. मी दिले. त्याच्या हाताखाली बसून माझ्या बुटाची तळी साफ करून घेताना मला जे समाधान वाटलं ते कुठल्याही व्याख्यानानंतर वाटलेलं नाही.

किनाऱ्यावरचे नियमही असेच अंगात भिनतात. एका वेळी शंभरहून जास्त माणसं उतरवायची नाहीत. पेंग्विनपासून किमान 5 मीटर. किनाऱ्यावर खायचं नाही, लघवीला जायचं नाही. बर्ड फ्लू ऑक्टोबर 2023 मध्ये साउथ जॉर्जियापर्यंत आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचल्यापासून जमिनीवर बसायचंही नाही, पिशवीही टेकवायची नाही. मुलींच्या बाबतीत एक सांगून ठेवते, कारण वडील हे विचारत नाहीत. पाळी चालू असताना दोन-तीन तास किनाऱ्यावर काढायचे असतील तर तयारी जहाजावरच करून निघावं लागतं, आणि वापरलेलं सगळं परत जहाजावर आणावं लागतं. तुमच्या मुलीच्या मोहिमेवर याबद्दल मोकळेपणी बोलणारी एखादी बाई आहे का, हे जरूर विचारा.

नेतृत्वाचं सांगते. चांगल्या मोहिमेत रोज एका विद्यार्थ्याकडे तुकडी सोपवतात. पश्चिम ग्रीनलंडला अशी एक चार तासांची चाल होती. त्या दिवशीचा लीडर पुण्याचा, 17 वर्षांचा, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेला, हुशार. तो सगळ्यांच्या पुढे झपाझप चालला. दुपारी थांबलो तेव्हा शेवटची चार मुलं 20 मिनिटं मागे होती. त्यातल्या एका मुलीचा पाय ओढ्यात पडून मोजे ओले झाले होते, बोटं बधिर व्हायला लागली होती, आणि ती कुणाला बोलली नव्हती. आमचा वाटाड्या त्यांच्याबरोबर मागेच होता, त्यामुळे धोका नव्हता. मोजे बदलले, पाय चोळून गरम केले आणि तिथूनच परत फिरलो. हिमनदीचं तोंड बघायचं राहिलं.

संध्याकाळी सगळे गोल बसलो. वाटाड्याने त्याला एकच विचारलं, "तुझ्या तुकडीत सर्वांत शेवटी कोण होतं?" त्याला सांगता येईना. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्याला कुणी रागावलं नाही, समजावलंही नाही. दुसऱ्या दिवशी लीडर होती उत्तर क्विबेकच्या नुनाविक भागातली एक इन्युइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांपैकी एक मुलगी, फारशी न बोलणारी. ती दर थोड्या वेळाने थांबायची, मागे वळून डोकी मोजायची आणि मग पुढचं पाऊल टाकायची. आमचा पुण्याचा गडी त्या दिवशी सर्वांत मागे चालत होता, आपणहून. मला विचाराल तर त्याच्या नेतृत्वाचा खरा दिवस हा दुसरा. आपल्याकडे शाळेत नेतृत्व म्हणजे माइक हातात घेणं अशी समजूत आहे. ती मोडायला त्याला एक हिमनदी गमवावी लागली.

इथे माझं एक मत मांडते, सगळे सहकारी ते मानत नाहीत. 16 वर्षांच्या मुलांसाठी मी अंटार्क्टिकापेक्षा आर्क्टिकला झुकतं माप देते. अंटार्क्टिकात कुणाचं घर नाही. तिथे निसर्ग म्हणजे माणसाशिवायचं काहीतरी, अशी समजूत घेऊन मुलं परत येतात, आणि घरी आल्यावर त्या समजुतीचं काही करता येत नाही. आर्क्टिकात माणसं हजारो वर्षं राहताहेत. कॅनडात 2000 सालापासून 'स्टुडंट्स ऑन आइस' ही संस्था मुलांना ध्रुवीय प्रदेशात नेते आहे. तिच्या आर्क्टिक मोहिमांत इन्युइट मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबरीने जहाजावर असतात आणि पुष्कळ मुलांचा खर्च शिष्यवृत्त्यांमधून भागतो. नेमकी कोण मुलं जहाजावर आहेत, यावर शिक्षण ठरतं.

कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या बॅफिन बेटावरच्या एका गावातला प्रसंग सांगते. शिकारी सील घेऊन आला होता. किनाऱ्यावर पुठ्ठा अंथरला आणि एक आजी तो कापायला बसल्या. त्यांच्या हातात उलू, म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराचं, वर मूठ असलेलं पातं. ही बायकांची सुरी. आमच्यात एक मुलगी होती, जिच्या घरात कधी अंडंही आलेलं नाही. ती मागे सरकली, रडवेली झाली. मी तिला म्हटलं, जहाजावर जायचं असेल तर जा. ती गेली नाही. बराच वेळ आजींच्या हाताकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "माझी आजी विळीवर अशीच बसते." तिने आजींच्या नातीमार्फत विचारलं, पात्याला धार कशी लावता? आजींनी काम थांबवून तिच्या हातात उलू दिला, मुठीवर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. मग वाटे झाले. पहिला वाटा गावातल्या म्हाताऱ्यांना गेला.

त्याच संध्याकाळी त्या नातीने आम्हाला गावातल्या दुकानात नेलं. तिथली कोबी, दूध, सफरचंदं विमानाने आलेली. मोठं सामान उन्हाळ्यात बर्फ सुटल्यावरच जहाजाने येतं. किंमती बघून आमची मुलं गप्प झाली. नातीने सांगितलं, 1983 साली युरोपने सीलच्या पिलांच्या कातड्यांवर बंदी घातली आणि 2009 मध्ये सीलच्या सगळ्याच वस्तूंवर. इन्युइटांना सवलत होती, पण बाजारच बसला. काडतुसं आणि पेट्रोल घ्यायला लागणारा रोख पैसा आटला. बंदी मागणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी या गावात येऊन विचारलं नव्हतं. आमच्या शाकाहारी मुलीने त्या रात्री वहीत काय लिहिलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी चर्चेत ती म्हणाली, की इथे सील खाणं हे कोबी खाण्यापेक्षा हलकं आहे, आणि आमच्या घरी उलट आहे, म्हणजे आधी जागा विचारली पाहिजे. ती आजही शाकाहारी आहे. शाश्वततेची इतकी नेमकी व्याख्या मी पुस्तकातून शिकवू शकले नसते.

बॅफिनवरच क्लाइड रिव्हर हे हजारेक वस्तीचं गाव आहे. समुद्रात तेल शोधण्यासाठी करायच्या भूकंपीय चाचण्यांना त्या गावाने विरोध केला, आमच्याशी नीट सल्लामसलत झाली नाही म्हणून कोर्टात गेलं, आणि 26 जुलै 2017 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. मुलांना नेतृत्वाचं उदाहरण हवं असेल तर मी हे देते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो जास्त अवघड आहे. अंटार्क्टिकाच्या एका सहलीमागे माणशी सुमारे 5 टन कार्बन डायऑक्साइड निघतो असा एक अभ्यास आहे. भारतात माणशी वर्षाचा सरासरी आकडा 2 टनांच्या आसपास आहे. म्हणजे तुमची मुलगी दोन आठवड्यांत सरासरी भारतीयाचा अडीच वर्षांचा वाटा संपवेल, आणि कोल्हापूरहून उशुआयापर्यंतचं अंतर बघता कदाचित त्याहून जास्तच. 2022 साली आणखी एक अभ्यास आला. जहाजं आणि इतर वाहनांच्या काजळीमुळे बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो. त्यात माणशी सुमारे 83 टन बर्फ लवकर वितळतो असा अंदाज मांडला होता. आता हंगामात लाखाहून जास्त पर्यटक तिथे जातात. आम्ही चिमट्याने कुसळं काढतो आणि हे मुसळ जहाजाच्या धुराड्यातून जात असतं. याला उत्तर नाही असं मी मुलांना सांगते. झाडं लावून किंवा पैसे भरून हा हिशेब मिटतो असं मी कधी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मी जहाजावर पहिल्याच संध्याकाळी हे आकडे फळ्यावर लिहिते आणि परत येईपर्यंत पुसत नाही. ज्या संस्थेच्या माहितीपत्रकात हा हिशेब कुठेच नाही, तिथे शाश्वततेचा तास कितीही सुंदर असला तरी मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

संस्थेची पारख करायला माझा एक आवडता प्रश्न आहे. विचारा, की अंटार्क्टिकात खाणकामावरची बंदी कधी संपते? "2041 साली" असं उत्तर आलं तर सावध व्हा. ही समजूत फार पसरली आहे. अंटार्क्टिक करार 1959 चा. खाणकामावर बंदी घालणारा त्याचा पूरक करार, माद्रिद प्रोटोकॉल, 1991 साली सह्यांसाठी आला आणि 14 जानेवारी 1998 पासून लागू झाला. त्याला शेवटची तारीखच नाही. 50 वर्षांनी, म्हणजे 2048 पासून, मताधिकार असलेला कुठलाही देश फेरविचाराची परिषद मागू शकतो, आणि तेव्हाही बंदी उठवायच्या अटी कडक आहेत. भारत 1983 पासून मताधिकार असलेला देश आहे. 2048 मध्ये तुमची मुलगी चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. हे ज्यांना नीट सांगता येतं, त्यांना आपण मुलांना तिथे का नेतो हेही माहीत असतं. भीती घालून शिकवणं सोपं असतं, म्हणून 2041 खपतं.

सुरक्षिततेबद्दल लाजू नका, खोदून विचारा. ऑगस्ट 2011 मध्ये नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकातल्या स्वालबार्ड बेटांवर ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या तळावर सकाळी पांढरं अस्वल शिरलं, 17 वर्षांचा मुलगा गेला, चौघं जखमी झाली. तंबूंभोवतीची इशाऱ्याची तार वाजली नव्हती आणि रायफलीतून पहिल्या प्रयत्नांत गोळी सुटली नव्हती. अंटार्क्टिकात अस्वलं नाहीत, पण दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाच्या मधली खवळलेली ड्रेकची सामुद्रधुनी आहे, थंड पाणी आहे आणि इस्पितळ दोन दिवसांवर आहे. जहाजावर डॉक्टर कोण, आजारी मुलाला बाहेर काढायचा विमा किती रकमेचा, किती मुलांमागे एक वाटाड्या, आणि हवा बिघडल्यावर उतरणं रद्द करायचा अधिकार कुणाचा. या शेवटच्या प्रश्नाला एकच नाव यायला हवं. एका मोहिमेवर मी दोन वरिष्ठांना किनाऱ्यावर मुलांसमोर यावरून भांडताना पाहिलं आहे. वारा वाढत होता. त्या दिवशी काही झालं नाही, पण त्या आयोजकांबरोबर मी पुन्हा गेले नाही.

पैशांचं. कर्ज काढून पाठवू नका, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. मुलीला त्या 6 लाखांचं ओझं कळतं. माझ्याबरोबर अशी मुलं आली आहेत, आणि त्यांना जहाजावर एक दिवसही नीट उपभोगता येत नाही, कारण प्रत्येक क्षण वसूल व्हायला हवा असतो. शिष्यवृत्ती मागा. एकदा नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी जागा राखाल का विचारा. पुष्कळ संस्था राखतात. तेवढ्या वर्षात तिला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या किशोरांसाठीच्या एखाद्या अभ्यासक्रमाला पाठवता येईल, किंवा हिवाळा संपताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, जिथे 2002 पासून कासवांची अंडी राखली जातात. पहाटे उठून दोन तास थंड वाळूवर बसायचं आणि पिल्लू निघालंच नाही तरी कुरकुर न करता परत यायचं. हे जिला जमतं तिला ध्रुवावर जमतं. आणि ध्रुवीय विज्ञानाचं वेड खरंच लागलं असेल तर भारताची मैत्री, भारती आणि हिमाद्री ही केंद्रं चालवणारी संस्था तुमच्यापासून पाच-सहा तासांवर, गोव्यात वास्कोला आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमसुद्धा डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली. ती वाट पदव्युत्तर शिक्षणातून जाते, तिला 12 लाख लागत नाहीत.

पाठवायचं ठरलंच, तर तयारी फार नाही. सुती कपडे नकोत, लोकरीचे पातळ थर हवेत. बोट लागण्याची गोळी एकदा घरीच घेऊन बघा, काहींना फार झोप येते. त्याहून महत्त्वाचं, निघण्याआधी महिनाभर तिला स्वतःची पांघरुणं, ताट आणि कपडे स्वतः करू द्या, कारण केबिनमध्ये अनोळखी मुलीबरोबर राहायचं आहे आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

परत आल्यावरचे सहा महिने मोहिमेचाच भाग आहेत, आणि तो भाग तुमच्या घरात घडतो. पहिले आठ दिवस सगळे फोटो बघतात, मग कुणी विचारत नाही, बारावीचं वर्ष अंगावर येतं आणि मूल एकटं पडतं. साताऱ्याच्या त्या मुलाने काही मोठं केलं नाही. त्याने गडावर जाणाऱ्या आपल्या गटात उतरल्यावर पायथ्याला बुटं झाडायची आणि मोजे तपासायचे, अशी पद्धत पाडली, म्हणजे एका गडावरचं गाजरगवत दुसऱ्या गडावर जाऊ नये. आई-वडिलांनी त्याला दर शनिवारी त्यासाठी सोडलं, बारावीतसुद्धा. चार वर्षं झाली, तो गट अजून ते करतो. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचा चिमणीपेक्षा थोडा मोठा समुद्रपक्षी अंटार्क्टिकात घरटं करतो आणि तिथल्या हिवाळ्यात आपल्या कोकणच्या समुद्रापर्यंत येतो. मालवणच्या एका मुलीने मोहिमेवरून आल्यावर मच्छीमार काकांना तो कुठे, कधी दिसला याच्या नोंदी ठेवायला लावलं. तिने तिकडे तो पक्षी घरट्यापाशी पाहिला होता.

पैसे भरण्याआधी संस्थेला फोन करा. म्हणजे तुम्ही करू नका, तिला करू द्या. मी वर लिहिलेले प्रश्न तिने स्वतः तिच्या इंग्रजीत विचारावेत, अडखळत का होईना. तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. फोन झाल्यावर काय ठरलं हे तिने येऊन सांगेपर्यंत विचारू नका.